तळटीप : फाशी आणि अठरा वर्षांची रेषा

* ‘अल्पवयीनाला फाशी’ : इथे वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे, निकालाच्या किंवा शिक्षेच्या दिवशीचे नव्हे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ६(५) अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड देण्यास मनाई करते. बालहक्क संहितेच्या (१९८९) कलम ३७ने त्यात सुटकेची शक्यता नसलेल्या जन्मठेपेचीही भर घातली.

अमेरिकेने १९९२ मध्ये पहिला करार स्वीकारला, पण नेमके कलम ६(५) आपल्यावर बंधनकारक नसल्याची अट घालून. बालहक्क संहितेवर तर तिने १९९५ मध्ये नुसती सही केली. अखेर ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ खटल्यात १ मार्च २००५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अल्पवयीनांना फाशी घटनाबाह्य ठरवली. बहुमताच्या निकालपत्रात न्या. अँथनी केनेडी यांनी जगाच्या मताचा आधार घेतला, न्या. अँटोनिन स्कालिया यांनी त्यावरच कडाडून टीका केली.

इराणने दोन्ही करार मान्य केले आहेत, तरी तिथे अशा फाशी झाल्या आहेत.

भारतात कायदा स्पष्ट आहे. अडते ते वयाच्या पुराव्यावर. पुण्यातील १९९४च्या सामूहिक हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेल्या एका आरोपीचे वय गुन्ह्याच्या वेळी अवघे बारा वर्षे होते, हे सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या नोंदींवरून मार्च २०२३ मध्ये मान्य केले. तोवर तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता.