आंबोलीच्या रानातील प्रक्षेपक : जप्त बिनतारी संचांचा पुनरुपयोग (१९५५–१९६१)

यंत्रांचा इतिहास लिहिताना ते यंत्र कोणी शोधिले हे आपण आवर्जून सांगतो. ते जुने झाल्यावर अगर मूळ धन्याच्या हातून गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. आज जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात जुना राऊटर टाकून न देता त्याचे पत्तेवाटपाचे काम बंद करितात, मुख्य राऊटरशी त्यास तारेने जोडितात आणि मागल्या खोलीपर्यंत बिनतारी जाळे पोहोचवितात. यंत्राचे एक काम काढून घ्यावयाचे व दुसरे पुढे आणावयाचे, एवढीच ही युक्ती. रत्नागिरी जिल्ह्याच्या तत्कालीन हद्दीत ती सत्तर वर्षांपूर्वी पुष्कळच मोठ्या कारणासाठी योजिली गेली होती.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली हे प्रदेश पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या वेळी पोर्तुगिजांकडून हस्तगत झालेल्या सामग्रीत बिनतारी संच होते. त्यांपैकी दोन संच पुढे गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्यांच्या हाती आले आणि त्यांतून एक ध्वनिक्षेपण केंद्र सिद्ध करण्यात आले. वामन सरदेसाई, लिबिया लोबो व निकोलाव मिनेझिस हे या केंद्राचे आरंभीचे चालक. त्यांतील मिनेझिस लवकरच बाहेर पडले. सरदेसाई आणि लोबो यांनी ते अखेरपर्यंत चालविले.

या रूपांतराचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. लष्करी बिनतारी संच हा दोन ठाण्यांमधील संभाषणासाठी असतो. बोलणारा कोण व ऐकणारा कोण हे दोघांस ठाऊक असते, निरोप त्रोटक असतो, आणि तिऱ्हाइताने तो ऐकू नये हीच तर त्याची मुख्य अट. ध्वनिक्षेपणाची अट याच्या नेमकी उलट. तेथे ऐकणारा अनोळखी असतो, त्याच्या घरी साधा रेडिओ असतो, आणि त्या रेडिओच्या पट्ट्यात सापडेल अशा लहरीवर ठरलेल्या वेळी, सुस्पष्ट मानवी आवाजात, दीर्घकाळ बोलावे लागते. म्हणजे संचाचा ऐकण्याचा भाग गौण ठरतो व बोलण्याचा भाग थोरला करावा लागतो. हे सारे एका मालमोटारीवर बसविण्यात आले होते व विजेसाठी पेट्रोलवर चालणारे जनित्र सोबत होते. वर्षाकाठी सातशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस जेथे पडतो त्या आंबोलीच्या रानात असली सामग्री कोरडी राखणे हेच एक स्वतंत्र काम असले पाहिजे.

पहिले प्रक्षेपण २५ नोव्हेंबर १९५५ रोजी झाले. अफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकिला तो हाच दिवस. पोर्तुगीज भाषेत ‘व्होज द लिबर्दाद’ व कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ या नावांनी हे केंद्र बोलू लागले. त्याआधी तीनच महिने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. पत्रादेवी येथे कर्नैलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले ते याच दिवशी. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. माणसांची ये-जा थांबली, वृत्तपत्रांवर पूर्वीपासूनच कडक नियंत्रण होते. अशा स्थितीत सीमेपलीकडे जाऊ शकणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे आवाज. या केंद्रास ‘गुप्त’ म्हणण्याचा प्रघात आहे; वस्तुतः गुप्त होती ती जागा, आवाज तर उघडच होता.

येथे १९४२ च्या मुंबईतील काँग्रेस रेडिओशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. उषा मेहता व त्यांचे सहकारी घरामागून घर बदलीत ते केंद्र चालवीत होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले, म्हणजे पुरते तीन महिनेही ते टिकले नाही. आंबोलीचे केंद्र पुढे आजच्या कर्नाटकातील कॅसलरॉकच्या जंगलात गेले आणि एकंदर सहा वर्षे चालले. परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यास बंदी करणारा १९३३ चा कायदा दोन्ही वेळी अस्तित्वात होता. मग फरक कशाचा? आमच्या मते तो यंत्रकौशल्याचा नसून राज्यसत्तेच्या दृष्टीचा आहे. स्वतंत्र भारताच्या भूमीवर एक प्रक्षेपक सहा वर्षे रोज बोलतो आणि ते कोणाच्याही कानी जात नाही, हे संभवत नाही. सरकारने पाहून न पाहिल्यासारखे केले असे अनुमान काढावयास हरकत नसावी.

साधनांची अडचण मात्र मोठी आहे. ध्वनिक्षेपण हे उच्चारिताच नाहीसे होणारे साधन. आपली माहिती बऱ्याच अंशी चालकांच्या मागाहून सांगितलेल्या आठवणींवर उभी आहे. त्यात भर पडली ती सीमांची. आंबोली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होती. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. केंद्राची कथा गोव्याच्या इतिहासात गेली, गाव सिंधुदुर्गात गेले, आणि रत्नागिरीच्या अभ्यासकाने या प्रकरणाकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. ज्या काळाचा इतिहास लिहावयाचा त्या काळचा नकाशा समोर ठेवावा, हा साधा नियम येथे पाळला गेलेला दिसत नाही.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या विमानांनी बांबोळी येथील पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. दुसऱ्याच दिवशी, शरणागतीनंतर, सरदेसाई व लोबो यांस वायुदलाच्या विमानात बसविण्यात आले. विमानाला ध्वनिवर्धक लाविला होता, आणि गोवा मुक्त झाल्याची वार्ता त्यांनी आकाशातून खाली सांगितली.