वर्गणी, वृत्तांत आणि मुक्त विद्या

महाराष्ट्रीय ज्ञानकोश आपल्या अभ्यासात येतो तो कोशवाङ्मयाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून. लोकांच्या पैशावर उभा राहिलेला विद्याव्यवहार म्हणूनही त्याच्याकडे पाहता येते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ मध्ये नागपुरात हे काम आरंभिले. भांडवलासाठी त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले. अजून न लिहिलेल्या ग्रंथासाठी लोकांनी पैसे दिले आणि २३ खंड सिद्ध झाले. पण केतकर तेथे थांबले नाहीत. 'माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास' हा वृत्तांतही त्यांनी लिहिला. वर्गणीदाराला ग्रंथ तर मिळालाच पाहिजे, शिवाय तो कसा घडला हेही कळले पाहिजे, अशी भूमिका या कृतीतून दिसते.

सुमारे शंभर वर्षांनी याच तत्त्वाचे एक वेगळे रूप अमेरिकेत दिसले. २०१३ च्या अखेरीस जोएल मर्फी आणि कॉनर रुसोमानो यांनी 'ओपनबीसीआय' या प्रकल्पासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर आवाहन केले. नऊशेहून अधिक लोकांनी मिळून दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. मेंदूतील विद्युत्-तरंग टाळूवरून टिपून संगणकाकडे पाठविणारे यंत्र त्यांना बनवायचे होते. त्याचे आराखडे आणि आज्ञावली सर्वांना खुल्या राहणार होत्या.

विद्या नवी नव्हती. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ मध्ये मानवी मेंदूचे तरंग प्रथम नोंदविले व १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. मेंदू आणि संगणक यांच्या थेट संवादाची कल्पना झाक व्हिदाल यांनी १९७३ मध्ये मांडली. मात्र यंत्रे बहुतांशी रुग्णालयांत व प्रयोगशाळांतच राहिली. ओपनबीसीआयने आठ ठिकाणचे तरंग टिपणारी पाटी सामान्य जिज्ञासूच्या टेबलावर आणली. २०१५ मध्ये दुसऱ्या आवाहनातून चार ठिकाणांची, स्वस्त पाटी आली.

या प्रगतीचे मोजमाप संयमानेच केले पाहिजे. हे यंत्र मनातले विचार वाचत नाही. टाळूवरचे तरंग इतके क्षीण असतात की पापणी लवली तरी त्याहून मोठा विद्युत्-संकेत उमटतो. त्यांतून अर्थ काढण्याचे एक तंत्र फार्वेल आणि डॉनचिन यांनी १९८८ मध्ये दाखविले. पडद्यावरील अक्षरांच्या चौकटीतील ओळी आणि स्तंभ आळीपाळीने उजळतात. हवे ते अक्षर उजळले की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत विशिष्ट तरंग उठतो. या रीतीने तेव्हा मिनिटाला दोन-अडीच अक्षरे लिहिता येत. हात आणि वाचा दोन्ही गेलेल्या माणसाला तेवढीही लेखणी अमोल आहे.

मराठीच्या अभ्यासकाचा संबंध येतो तो येथे. ती चौकट रोमन लिपीची होती. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, जोडाक्षरे यांची मांडणी कशी करावी, हा प्रश्न तिच्यापुढे कधी आलाच नव्हता. यंत्र बंदिस्त असेल तर मराठी रुग्णाने परक्या लिपीत बोलावे, किंवा उत्पादकाच्या मर्जीची वाट पाहावी. आज्ञावली खुली असेल तर चौकट बदलण्यास कोणाची परवानगी लागत नाही. देवनागरी चौकटीवर गेल्या दशकात रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत संशोधन झालेही आहे. केतकरांचा जन्म याच गावचा, हा निव्वळ योगायोग.

नाशिकला १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. 'मुक्त' हा शब्द आपल्याला नवा नाही. पण दार उघडे असणे आणि त्यातून कोणी आत जाणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ज्ञानकोशाचे खंड महाजालावर विनामूल्य आणले, तेव्हा वर्गणीदारांची ती विद्या खऱ्या अर्थाने सर्वांची झाली. तिचा उपयोग करणे मात्र वाचकाकडेच राहिले. मेंदूच्या लेखणीचेही तसेच आहे. मराठीत कोणता वर्ण किती वेळा येतो, मात्रा आधी दाखवावी की व्यंजन, कोणती जोडाक्षरे हाताशी ठेवावीत, हे अभियंता एकट्याने ठरवू शकणार नाही. ते भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि त्यासाठी विद्युत्शास्त्र यावे लागत नाही. आपल्या भाषाविज्ञानाच्या वर्गातील वर्णवारंवारितेचा एखादा लहानसा प्रकल्पही त्या चौकटीत भर घालू शकेल.