हात-तोंड धुण्याचें मेज

जुन्या लाकडी सामानाला नवें काम देण्याची हौस पाश्चात्य देशांत अलीकडे बरीच वाढली आहे. आजीच्या काळचें खणांचें कपाट स्नानगृहांत नेतात, त्याच्या माथ्यावर चिनी मातीचें तस्त बसवितात, पाठीच्या फळीला भोक पाडून नळ आंत घेतात आणि उरलेल्या खणांत टुवाल व साबण ठेवतात. पाहणाऱ्यास ही एक नवी टूम वाटते. वस्तुतः लाकूड आणि तस्त यांची ही पहिली भेट नव्हे. इंग्लंडांत या दोघांचा सहवास शंभराहून अधिक वर्षें सुखानें चालला होता. तो मोडला एका भीतीमुळें. ती भीती कोणती व तींत खरें किती होतें, हें समजल्यावांचून आजच्या हौसेचें मोल करतां येणार नाहीं.

अठराव्या शतकांतील इंग्रजी घराला स्वतंत्र स्नानगृह बहुधा नसे. हात-तोंड धुणें निजण्याच्या खोलींतच उरकावें लागे, आणि त्यासाठीं सुतारानें एक खास मेज घडविलें. टॉमस चिपनडेल या लंडनच्या प्रख्यात कारागिराच्या नमुनाग्रंथाच्या १७६२ च्या आवृत्तींत तस्त ठेवण्याच्या तिवयांचे नमुने आहेत. जॉर्ज हेपलव्हाइटचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७८८ सालीं, बाहेर पडला. त्यांतहि अशीं मेजें आढळतात. माथ्याच्या फळीला वाटोळें भोक, त्यांत तस्त, खालीं झारीसाठीं फळी आणि साबणासाठीं लहानसा खण, असा त्यांचा सामान्य घाट. पुढें व्हिक्टोरिया राणीच्या काळांत हीं मेजें रुंद झालीं. पाण्यानें लाकूड कुजूं नये म्हणून वर संगमरवरी फरशी आणि मागें चिनी मातीच्या लाद्या आल्या.

या देखण्या वस्तूमागें मात्र दुसऱ्याचे श्रम होते. मेजाला नळ नव्हता, मोरी नव्हती. खालच्या स्वयंपाकघरांतून ऊन पाणी घेऊन मोलकरीण रोज सकाळीं जिने चढे, आणि तेंच पाणी मळल्यावर बादलींत ओतून पुन्हां खालीं नेई. एक गॅलन पाण्याचें वजन दहा पौंड. आणि मोठ्या घरांत निजण्याच्या खोल्या अनेक. मेजाची शोभा मालकाची आणि पाण्याचें ओझें मोलकरणीचें, अशी ती वांटणी होती. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत असलें मेज रुजलें नाहीं, याचें कारण रीतींतच आहे. तस्तांत सांचलेल्या पाण्यानें तोंड धुण्याऐवजीं येथें तांब्यानें पाणी घेत, आणि तें मोरीवाटे वाहून जाई.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील धनिकांच्या घरीं वरच्या मजल्यावर नळ पोंचले. नळ आला तरी डोळ्यांना संवय जुन्या मेजाचीच. म्हणून सुतारांनीं तस्त, टब आणि शौचकूप या सर्वांना महॉगनीच्या पेट्यांत बसविलें. बाहेरून पाहावें तर दिवाणखान्यांत शोभेल असें सामान. आंत मात्र शिशाचे नळ, अंधार आणि ओल. कोठें सांधा गळतो, कोठें सांडपाणी झिरपतें, हें रोगण लावलेल्या फळीमागें कोणासहि दिसत नसे.

१८७१ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढें झालेला सातवा एडवर्ड, स्कारबरो येथील लंडेझबरो लॉज या घरीं पाहुणा म्हणून राहिला. परतल्यावर त्याला विषमज्वर झाला. त्याच घरीं उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल आणि राजपुत्राचा एक मोतद्दार, दोघेहि त्या तापानें दगावले. राजपुत्र मोठ्या कष्टानें वांचला. दोष त्या घरच्या गटारांवर आला, आणि श्रीमंतांच्या वाड्यांतहि मृत्यु नळावाटे शिरतो ही गोष्ट साऱ्या देशाच्या मनावर ठसली. लीड्सचे शल्यवैद्य टी. प्रिजिन टील यांनीं तर १८७८ सालीं घरांतील सदोष नळकाम चित्रांनीं दाखविणारें पुस्तकच काढलें.

त्या काळच्या अनेक सुधारकांची समजूत अशी कीं, गटारांतील दुर्गंधी वायु हेंच रोगाचें बीज होय. ही समजूत चुकीची होती. विषमज्वराचा जंतु कार्ल एबर्टनें १८८० सालीं दाखविला. तो मुख्यतः दूषित पाणी व अन्न यांवाटे शरीरांत जातो. परंतु कारण चुकलें तरी उपाय बरोबर ठरला. लाकडी पेट्या काढून टाका, नळ उघडे ठेवा, जें दिसतें तेंच स्वच्छ राहतें, असा त्यांचा उपदेश होता. पुढील दशकांत हॅन्ले येथील टॉमस ट्वायफर्ड प्रभृति कारखानदारांनीं लाकडी आवरणाशिवाय उभीं राहणारीं चिनी मातीचीं पात्रें बाजारांत आणलीं. स्नानगृह पांढरें झालें आणि सुतार तेथून बाहेर पडला.

जुन्या मेजांचेंहि काम संपलें. कांहीं अडगळींत गेलीं, कांहींवर फुलझाडांच्या कुंड्या बसल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत तस्ताखालीं कपाट असण्याची पद्धत पुन्हां रुळली, आणि तिच्या मागोमाग जुनीं कपाटें व मेजेंहि स्नानगृहांत परतलीं.

या परतलेल्या पाहुण्याचें स्वागत करतांना त्याचा इतिहास विसरतां कामा नये. नळाचा प्रत्येक सांधा हातानें चांचपतां येईल इतकी पाठ मोकळी हवी. रोगण केवळ दर्शनी भागावर नव्हे, तर करवतीनें उघड्या पडलेल्या प्रत्येक कडेवर हवें. कारण पाणी तेथूनच आंत शिरतें. आणि एकदां पाडलेलें भोक पुन्हां बुजत नाहीं. ज्या मेजाचें मूळ रोगण आणि मूळ फरशी शाबूत आहे, त्याला करवत लावणें म्हणजे जुन्या दप्तरांतील कागदावर वाण्याचा हिशेब लिहिणें होय. खण मोडलेलें, माथा तडकलेलें साधें कपाट या कामाला योग्य; त्याला नवें आयुष्य मिळतें आणि इतिहासाचें कांहीं जात नाहीं.

नळानें मोलकरणीच्या डोक्यावरचें ओझें उतरविलें आणि उघड्या नळकामानें घरांतील लपलेली घाण उजेडांत आणली, या दोन्ही गोष्टी मोठ्या किंमतीनें मिळाल्या आहेत. लाकूड सुखानें परत येवो. त्याच्यामागचा अंधार मात्र परत येऊं नये.