सुटीनंतरची नवजात परिचर्या (मंगरूळपीर तालुका)

नवजात शिशू अतिदक्षता कक्षातून, म्हणजे एसएनसीयूतून, सुटी झालेल्या बाळाला घरी सांभाळताना परिचारिका, एएनएम आणि आशाताई यांच्याकडून कुटुंबाला मिळणारी मदत. अशा बाळाबद्दल घरोघरी ‘पेटीत ठेवलंय’ असे बोलले जाते, आणि पेटीतून बाहेर आले की बाळ बरे झाले हा समज त्या शब्दातच दडलेला आहे. प्रत्यक्षात सुटीच्या दिवशी उपचार करणारे हात बदलतात, एवढेच. वजन वाढू लागलेले, पण अजून 2 किलोच्या आसपास घोटाळणारे बाळ अंगावर ओढून दमते. त्याला काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे लागते. पेटीची ऊब आता आईच्या छातीने द्यायची असते. हे सगळे परिचारिकेने सांगून भागत नाही, करवून घ्यावे लागते. उलट्या हाताने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय चाचपायचे : पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी बाधू लागली आहे, दोन्ही गार, तर धोका. थर्मामीटर नसलेल्या घरातही ही परीक्षा चालते. मात्र ‘ऊब द्या’ हा सल्ला ऋतू पाहून द्यायला हवा. पारा 40 अंशांच्या पुढे गेलेल्या वऱ्हाडी मे महिन्यात तीन दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळाला तापच येईल.

घरच्या परिचर्येने जीव वाचतात, याचा भक्कम पुरावा विदर्भातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे 2011 मध्ये केंद्राने हीच कल्पना आशांमार्फत देशभर नेली. हरियाणातल्या 8,402 कमी वजनाच्या बाळांवरील 2019 च्या अभ्यासातही, घरी कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणे, सुरू करून देणारी कार्यकर्ती येत राहिली तिथे 6 महिन्यांपर्यंतचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी दिसले. पण या दोन्ही ठिकाणची बाळे मुख्यतः गावातल्या घरांत गाठलेली होती. कक्षातून परतणाऱ्या बाळाची अडचण वेगळी आहे. ते घरी येईपर्यंत त्याचे तपशील रुग्णालयात असतात आणि त्याची आशाताई गावात.

रुग्णालय आणि आशाताई यांच्यातला हा दुवा मंगरूळपीरात नेमका कुठे तुटू शकतो? असे कक्ष जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर असतात, म्हणून बाळाला वाशिम गाठावे लागते. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी मोठ्या दुखण्याला अकोल्याची वाट धरण्याची सवय मोडलेली नाही. तसे झाले की बाळाची माहिती जिल्ह्याची हद्द ओलांडून यावी लागते. त्यात पहिले बाळंतपण माहेरी. केसपेपरवर पत्ता सासरचा आणि बाळ तिसऱ्याच गावात! शासनाने ही चाल ओळखली आहे : दोन गावांच्या आशांनी बाळाच्या घरभेटी वाटून घेतल्या तर 250 रुपयांचा मोबदलाही विभागतो. भेटींच्या तारखा मात्र जन्मापासून मोजतात : 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. तीन आठवडे पेटीत काढलेल्या बाळाच्या वाट्याला त्यातल्या उरतात दोन-तीन, आणि त्याला तर जास्त हव्यात.

आशा आहेत, मग कक्षातली परिचारिका आणखी कशाला, असा आक्षेप येईल. साधा हिशेब करावा. एका आशेकडे साधारण हजार लोकवस्ती, म्हणजे वर्षाला पंधरा-वीस जन्म. त्यांत कक्षातून परतलेले बाळ एखाद-दुसरे. वर्षातून एकदा वापरलेले कौशल्य बोथट होणारच. रोज अशीच बाळे हाताळणाऱ्या सिस्टरने सुटीच्या दिवशी आशाताईला फोन करून वजन, दुधाचे माप, पुढची तारीख आणि बाळ सध्या कोणत्या गावी आहे हे सांगितले, तर ती उणीव बरीच भरून निघते. परिचारिका आधीच कमी आहेत, हा दुसरा आक्षेप खरा आहे. एकेका पाळीत एकीने बारा-बारा बाळांकडे पाहावे आणि वर फोनही करावेत, हे सांगणे अन्यायाचे होईल. त्यावर तोड 2017 च्या कुटुंब-सहभागाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे : नातलगांना कक्षात घेऊन भरतीच्या काळातच शिकवायचे. शिकलेली आई कक्षातले कामही हलके करते. आजीला सगळे ठाऊक असते, असेही म्हटले जाते. आजीचे हात अनुभवी असतात यात शंका नाही, पण तो अनुभव पुऱ्या दिवसांच्या बाळांचा. टाळूवर तेल थापणे, घुटी चाटवणे, खोलीत धुरी देणे हे दीड किलोने जन्मलेल्या बाळाला झेपत नाही. तिला दाराबाहेर बसवून ठेवण्यापेक्षा गाऊन चढवून पेटीजवळ उभे करणे शहाणपणाचे, कारण घरी शेवटचा शब्द तिचाच असतो.

एक गोष्ट मात्र आजी, आई किंवा आशाताई कोणालाच नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. 34 आठवड्यांआधी किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवी. विकार उशिरा कळला तर गेलेली नजर परत येत नाही. बाळ दूध पीत असते, वजन वाढत असते, घरात कोणाला शंकाही येत नाही. ही तारीख सुटीच्या कार्डावर ठळक लिहिणे आणि त्या दिवशी गाडी कोण आणणार हे आईबापांना विचारून घेणे, हे काम सिस्टरचेच.