सारसाचे घर: तळे आणि धानाची बांधी

गोंदिया जिल्ह्यातील वन्यजीवरक्षणाचा इतिहास १९७० च्या नागझिरा अभयारण्यापासून किंवा १९७५ च्या नवेगाव राष्ट्रीय उद्यानापासून मोजण्याची रीत आहे. ती अपुरी आहे. खुद्द नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी घातला. कोहळी समाजाच्या अशा तळ्या-बोड्यांनी (बोडी म्हणजे लहान तळे) धान पिकवले आणि सारस पक्ष्यालाही आसरा दिला. महाराष्ट्रात आज सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडारा भागात. पावसाळ्यात तो पाणथळीत किंवा धानाच्या बांधीतच घरटे करतो. म्हणजे त्याचे घर बहुतांशी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे.

तळी पक्ष्यांसाठी खोदली नव्हती, असा आक्षेप येईल. तो खराच आहे; पण गावाची गरज आणि पक्ष्याची गरज एकाच पाण्यावर भागत होती, हेच त्या व्यवस्थेचे बळ. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपली, तळी सरकारजमा झाली आणि पुढे अनेक तळ्यांत गाळ साचला व बेशरम या तणाची झुडपे माजली. सारसांची संख्या घटली तर पिंजऱ्यात पैदास करावी, असेही कोणी सुचवील. राजस्थानात जैसलमेरजवळ माळढोक पक्ष्यासाठी २०१९ पासून तसा प्रयत्न सुरू आहे. मात्र वाढवलेल्या पिल्लालाही अखेर माळरानच लागते. सारसासाठी तसे तळे लागेल. म्हणून गाळ काढणे आणि घरट्यापुरता धान राखणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला देणे, हेच इथले खरे सारसरक्षण.