दोन शोषखड्ड्यांचे शौचालय

मैला जागच्या जागी कुजवून त्याचे खत करणारी, खेड्यातील घराला परवडणारी शौचालयपद्धती. तीव्र उताराचे भांडे, त्याखाली सुमारे २० मिमी पाण्याचा जलबंद, वाय आकाराचे चेंबर आणि आलटूनपालटून वापरायचे दोन खड्डे, एवढाच तिचा पसारा. भांड्याच्या उतारामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. हंडाभर पाण्यासाठी बायकांना पायपीट करावी लागते त्या गावात ही बचत फार मोलाची आहे.

खड्ड्याचे बांधकाम जाळीदार विटांचे, तळ कच्चा, झाकण घट्ट. पाणी आणि वायू भोवतालच्या मातीत मुरतात; म्हणून गॅस पाइपची गरज नसते, तरी गवंडी तो हमखास बसवतात. एक खड्डा भरला की चेंबरमधले त्याचे तोंड बुजवून दुसरे उघडायचे. भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष बंद राहायला हवा, कारण रोगकारक घटकांत जंतांची अंडी सर्वांत चिवट असतात. एवढ्या अवधीनंतर निघते ते भुसभुशीत, वास नसलेले सोनखत. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः खड्ड्यात उतरून ते उपसले होते.

या पद्धतीचे खरे महत्त्व दुसऱ्या खड्ड्यात आहे. तो नसेल तर ओला मैला कोणाला तरी उपसावा लागतो, आणि आपल्या समाजात ते ‘कोणीतरी’ जातीने ठरत आले. आप्पासाहेब पटवर्धनांनी हे फार आधी ओळखले. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ मध्ये त्यांनी अन्नत्याग आरंभला. येरवड्यातून गांधीजींनीही त्यांना उपोषणाची साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. दोन खड्ड्यांचा नमुना देशभर पोहोचवण्यात बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये स्थापलेल्या सुलभ संस्थेचा वाटा मोठा आहे.

स्वच्छ भारत अभियानात (२०१४) शौचालयासाठी १२,००० रुपये प्रोत्साहनपर अनुदान ठरले. तरीही ‘खड्डा लवकर भरेल’ या धास्तीने पुष्कळांनी एकच खोल खड्डा खणला किंवा पदरचे पैसे घालून मोठी सेप्टिक टाकी बांधली. टाकी माणसाकडून हाताने उपसून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि उपसा करणारे वाहन वाडीवस्तीपर्यंत पोहोचतेच असे नाही.

एका खड्ड्याच्या शौचालयाला दुसरा खड्डा मागाहूनही जोडता येतो. दोहोंत निदान एक मीटर अंतर राखावे. विहीर किंवा हातपंप १० ते १५ मीटर दूर असावा. पाणी सहज न मुरणाऱ्या काळ्या मातीत खड्ड्याभोवती वाळू-मुरुमाचा थर देतात. कोकणासारख्या भागात पावसाळ्यात भूजल वर येते, तिथे खड्डे उथळ ठेवून जमिनीपासून उचलून बांधतात. न्हाणीचे पाणी त्यांत कधीच सोडू नये.