दहा अक्षरं येणारा सेनापती

रिकाम्या किल्ल्याची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती कंपनीच्या एका ट्रेनिंगमध्ये. लीडरशिप वगैरे विषय होता. बाकी सगळं विसरलो, गोष्ट मात्र डोक्यात राहिली. नंतर मूळ कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मिळवून वाचलं आणि मग नादच लागला.

कादंबरी म्हणजे 'रोमान्स ऑफ द थ्री किंग्डम्स'. १२० प्रकरणं, पात्रांची ही गर्दी. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंगच्या नावावर ती आहे. त्यातल्या ९५ व्या प्रकरणात शू राज्याचा प्रधान झुगे लियांग एका छोट्या गावात अडकतो. जिएटिंगची खिंड त्याच्या लाडक्या मा सूने पाण्यापासून दूर डोंगरावर तळ ठोकून घालवलेली. समोरून वेई राज्याचा सिमा यी दीड लाखाची फौज घेऊन येतोय आणि झुगेकडे उरलेत अडीच हजार. तो चारही दरवाजे सताड उघडतो, शिपायांना साध्या कपड्यात रस्ता झाडायला लावतो आणि स्वतः तटावर बसून तंतुवाद्य वाजवतो. सिमा यी बघतो, विचार करतो आणि मागे फिरतो. का? तर हा माणूस जन्मभर सावध वागलाय, तो असा जुगार खेळणारच नाही, म्हणजे आत नक्की दबा धरलेली फौज असणार!

कावा भारीच आहे. फसवणूक तटावर नाहीच, ती सिमा यीच्या डोक्यात आधीपासून तयार आहे. झुगेने फक्त ती वापरली.

आता पंचाईत अशी, की हे घडलेलंच नाही. जिएटिंगची लढाई २२८ सालची. तिथे वेईचा सेनापती होता झांग हे. सिमा यी त्या आघाडीवर नव्हताच. आणि ही शंका आजची नाही. तिसऱ्या शतकात चेन शौने या काळाचा इतिहास लिहिला, त्यावर पेई सोंगझीने ४२९ साली टीपा जोडल्या. रिकाम्या किल्ल्याच्या दंतकथेचं जुनं रूप त्याने तिथे नोंदवलं आणि लगेच खोडूनही काढलं. त्याचा एक मुद्दा साधा: एवढी मोठी फौज हाताशी असताना दबा धरल्याचा संशय आला तर माणूस सावध होऊन थांबेल, पळून कशाला जाईल? दुसरा मला फार आवडला. सांगणाऱ्याने म्हणे ही गोष्ट सिमा यीच्या मुलासमोर सांगितली. बापाची फजिती मुलाच्या तोंडावर कोण सांगेल? :)

पण चेन शौच्याच ग्रंथात, त्याच जिएटिंगला, एक खरा कावा आहे. वांग पिंग नावाचा मा सूच्या हाताखालचा अधिकारी. डोंगरावर चढू नका, असं त्याने मा सूला परोपरीने सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही. मग व्हायचं तेच झालं, सगळं सैन्य उधळलं. फक्त वांग पिंगचे हजार लोक जागेवर उभे राहिले आणि ढोल वाजवत राहिले. झांग हे थबकला. चहूकडे पळापळ असताना ही एक तुकडी इतकी निवांत कशी? नक्की दबा असणार. तो पुढे आलाच नाही. वांग पिंगने सावकाश, विखुरलेली माणसं गोळा करत फौज परत आणली.

म्हणजे युद्ध तेच, युक्तीचा गाभाही तोच. कादंबरीत वांग पिंग आहे, मा सूला सल्लाही देतो, पण तटावरचं वाद्य मिळालं प्रधानाला. रात्री तीनला प्रॉडक्शन उभं करणारा एक, आणि क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देणारा दुसरा, हे बघितलेल्यांना यात नवल वाटू नये.

खऱ्या झुगे लियांगवर मात्र हा आळ घालता येत नाही. त्याने मा सूला मृत्युदंड दिला, स्वतःला तीन पायऱ्या खाली उतरवून घेतलं आणि वांग पिंगला बढती दिली. श्रेय हिरावलं ते पुढच्या कथाकारांनी. चेन शौने तर स्पष्ट लिहून ठेवलंय, की ऐनवेळच्या लष्करी डावपेचांत झुगेचा हात बहुधा तितकासा चालत नसे. कारभारी मात्र अव्वल.

वांग पिंग पुढे हानझोंगचा रक्षक झाला. २४४ साली वेईची लाखावर फौज चालून आली. याच्याकडे तीस हजारही नव्हते. तटाआड बसू या, असं बाकीचे म्हणत होते. वांग पिंगने शिंगशीच्या डोंगरवाटेवरच अडवायचं ठरवलं. लिउ मिन नावाच्या साथीदाराने शंभर ली, म्हणजे आजच्या हिशेबाने चाळीसेक किलोमीटरपर्यंत, निशाणं रोवली. मागून कुमक आली आणि वेईला परतावं लागलं.

आणि हा माणूस निरक्षर होता. आयुष्य छावणीत गेलेलं, लिहिता येत नव्हतं, ओळखीची अक्षरं दहाच्या वर नाहीत. पत्रं तोंडी सांगायचा आणि ती मुद्देसूद असायची. जुन्या इतिहासातली चरित्रं तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. त्यात 'शिजी' होता, आणि 'शिजी'त ली ग्वांगचं चरित्र आहे. शंभर घोडेस्वारांनिशी तो हजारो शियोंगनूंच्या समोर सापडला, तेव्हा त्याने आपल्या माणसांना घोड्यावरून उतरून खोगिरं काढायला लावली. समोरचे रात्र पडेपर्यंत नुसते बघत राहिले आणि मग निघून गेले.